सहलीचा किनारा निवडताना

मेलबर्नमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आणि घरोघरी सहली ठरवणाऱ्या सर्वांना खुलं पत्र



डिसेंबर लागला की तुमच्या सहलींचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. सकाळी सातला टार्नीटहून बस, वाटेत उपमा आणि चहा, मग ग्रेट ओशन रोड, दुपारचं जेवण आणि मधे कुठेतरी ‘बीचवर दीड तास’. जेवण जैन हवं का, लहान मुलांचं तिकीट किती, बसमध्ये अंताक्षरी कोण घेणार, सगळं त्यात असतं. मी दरवेळी एकच गोष्ट शोधते. तो बीच कुठला, आणि त्या दीड तासात पाण्यावर लक्ष ठेवायला तिथे कोणी असणार आहे का? ते लिहिलेलं नसतं. विचारलं तर उत्तर येतं, “अहो, पोहायला कोण जातंय? नुसते पाय भिजवायचे.”

या उत्तराबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

मी तुमच्यातलीच आहे. गणपतीत मंडळाच्या स्वयंपाकघरात असते, गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडते. आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सर्फ कोस्टवरच्या एका लाइफसेव्हिंग क्लबाची स्वयंसेवक म्हणून पिवळा शर्ट आणि लाल-पिवळी टोपी घालून किनाऱ्यावर उभी राहते. आपली मंडळी बसमधून उतरताना मी तिथून पाहिलेली आहेत. चटया पसरल्या जातात, डबे उघडतात, मुलं चपला भिरकावून पाण्याकडे धावतात. त्यांच्या मागे कोण गेलं हे बघायला कोणी मान वळवत नाही, कारण दुसरं कोणीतरी गेलंच असेल असं प्रत्येकाला वाटत असतं. तीस मोठी माणसं किनाऱ्यावर असतात आणि दहा मुलांकडे एकाचंही लक्ष नसतं.

२४ जानेवारी २०२४ हा दिवस तुम्ही विसरला नसाल. फिलिप आयलंडवर फॉरेस्ट केव्हज नावाचा किनारा आहे. ओहोटीच्या वेळी खडकातल्या गुहांपर्यंत चालत जाता येतं, म्हणून लोक तिथे फोटो काढायला जातात. त्या दुपारी तिथे चार भारतीय बुडाले. एकमेकांच्या नात्यातलेच होते, मूळचे पंजाबचे. त्यातली एक बाई भारतातून नुकतीच फिरायला आली होती. व्हिक्टोरियाच्या पाण्यात एका वेळी इतके जीव जाण्याची घटना जवळपास वीस वर्षांत घडली नव्हती. त्या आठवड्यात आपल्या सगळ्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे निरोप आले. फॉरेस्ट केव्हजवर जीवरक्षकांची गस्त नसते, ही माहिती मात्र फार थोड्यांनी पुढे पाठवली. आणि त्यानंतरच्याच उन्हाळ्यात आपल्यातल्या एका मंडळाची बस पुन्हा गस्त नसलेल्या एका किनाऱ्यावर थांबली. नाव लिहीत नाही. ज्यांनी ठरवलं त्यांना ते माहीत आहे, आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. सुखरूप परत आलात याचा आनंदच आहे. पण सुखरूप परत आलात म्हणजे ती निवड बरोबर होती असं नाही.

माझी पहिली तक्रार ही आहे की आपण किनारा फोटो बघून निवडतो. पाणी निळं आहे, कडे उंच आहेत, गर्दी नाही, बस लावायला जागा आहे, की झालं. दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. किनारा आडोशाचा आहे का? आणि तिथे, आपण जाऊ त्या दिवशी, त्या वेळी, गस्त आहे का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ अशीच यायला हवीत. एकाने भागत नाही.

लॉक आर्ड गॉर्ज बघा. ट्वेल्व्ह अपॉसल्सला गेलेल्या बहुतेक बसेस तिथे थांबतातच. दोन्ही बाजूंनी उभे कडे, समुद्राकडे अरुंद तोंड, आत अर्धवर्तुळाकार पुळण. वरून बघणाऱ्याला आत काही धोका असेल असं वाटतच नाही. याच जागेजवळ १ जून १८७८ रोजी ‘लॉक आर्ड’ हे जहाज फुटलं आणि त्यावरच्या ५४ जणांपैकी दोघंच वाचले. त्या तोंडातून दक्षिणेचा महासागर आत येतो आणि आलेलं पाणी त्याच तोंडातून बाहेर जातं. मधे सापडलेल्या माणसाला धरायला काहीही नसतं. तिथे गस्त नाही. पायऱ्या उतरून वाळूवर जा, वर लावलेला जहाजाचा इतिहास मुलांना वाचून दाखवा, पण पाण्यात शिरू नका. बेल्स बीचचंही तेच. अनेक दशकांपासून तिथे ईस्टरच्या सुमारास सर्फिंगची स्पर्धा भरते. जगभरातले नामवंत सर्फर ज्या लाटांसाठी तिथे येतात, त्या लाटांत आपल्या पोरांनी गुडघाभर पाण्यातही का जावं? बेल्सला कड्यावर उभं राहून तास-दोन तास बघत बसावं. फार सुंदर दिसतं.

आता अँगलसीचा मुख्य किनारा घ्या. मेलबर्नहून शंभर-सव्वाशे किलोमीटर, टोर्कीच्या थोडं पुढे. नैऋत्येकडून येणाऱ्या मोठ्या लाटेचा जोर पॉइंट रोडनाइटच्या भूशिराने बराच कमी होतो. वाळूचा उतार सौम्य आहे, त्यामुळे लाट लांबवरच फुटते आणि किनाऱ्याशी येईपर्यंत तिचा नुसता फेस उरतो. उन्हाळ्यात तिथे लाइफसेव्हिंग क्लबाची गस्त असते. सर्फिंग शिकवणारे तिथेच वर्ग घेतात, कारण नवशिक्याला हवी तशी लाट तिथे मिळते. नदीकाठी हिरवळ आहे, सावली आहे, डबे उघडून बसायला बाकं आहेत. म्हाताऱ्यांना बसवायला यापेक्षा चांगली जागा ग्रेट ओशन रोडवर मला माहीत नाही. जेवण झाल्यावर गॉल्फच्या मैदानावरची कांगारू दाखवा, मुलं खूश होतात. तिथून पुढे लॉर्नला गेलात तरी तिथे गस्तीचा किनारा आहे. आणि ज्यांना लाटच नको, ज्यांची मुलं अगदी लहान आहेत, त्यांनी एवढ्या लांब जायचंच कशाला? पोर्ट फिलिप बेच्या आतले अल्टोना आणि विल्यम्सटाउन हे किनारे पॉइंट कुक-टार्नीटहून अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. समुद्राची लाट तिथवर पोचत नाही आणि दोन्हीकडे लाइफसेव्हिंग क्लब आहेत.

दुसरी तक्रार झेंड्यांची. गस्तीच्या किनाऱ्यावर येऊनही आपली माणसं लाल-पिवळ्या झेंड्यांपासून लांब जाऊन बसतात. कारण विचारलं तर, “तिथे गर्दी आहे.” किंवा, “गाडीपासून हे जवळ पडतं.” हे झेंडे कसे लागतात ते जरा सविस्तर सांगते.

सकाळी गस्त सुरू होण्याआधी त्या दिवसाचा गस्तीप्रमुख (पेट्रोल कॅप्टन) वाळूवर उभा राहून बराच वेळ नुसतं पाणी बघतो. लाट कुठे फुटते आहे आणि कुठे फुटत नाही. फेस कुठून परत आत चालला आहे. कुठल्या पट्ट्यात पाणी गडद दिसतं, कुठे वाळू ढवळून गढूळ झालं आहे. शंका असेल तर कोणीतरी रेस्क्यू बोर्ड घेऊन आत जाऊन येतं. पाण्याखालचा वाळूचा दांडा जिथे सपाट आणि सलग असेल तिथे एक झेंडा रोवला जातो, मग चालत जाऊन दुसरा. तेवढ्या पट्ट्यावर दिवसभर आमची नजर असते. रेस्क्यू ट्यूब आणि बोर्ड तिथेच, पाण्याच्या कडेला ठेवलेले असतात. भरती-ओहोटी बदलली, वारा फिरला, की आम्ही तेच झेंडे उपटून बाजूला नेतो. म्हणून सकाळी जिथे डुंबलात तिथेच दुपारी जेवून परत जायचं नसतं. आधी झेंडे कुठे आहेत ते बघायचं. पाण्यात असतानाही मधूनमधून किनाऱ्याकडे वळून बघायचं, कारण किनाऱ्याला समांतर जाणारी ओढ माणसाला नकळत शंभर पावलं बाजूला नेते. मुलं खेळण्याच्या नादात सरकत जातात आणि आई चटईवरून बघते तेव्हा तिला समोर दुसऱ्याचीच मुलं दिसतात.

बाकीचे झेंडेही मुलांना पाठ करून द्या. नुसता पिवळा म्हणजे जपून, पाणी नेहमीपेक्षा धोक्याचं आहे. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. लाल-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे आहात तसे ताबडतोब बाहेर या. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे झेंडे सर्फबोर्डवाल्यांची हद्द दाखवतात, तिथे पोहायचं नाही. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत आणि तिथेही लाल-पिवळे झेंडेच लागतात, त्यामुळे इकडे आलेल्या आई-वडिलांपैकी अनेकांनी ते पाहिलेले असतात. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो, एवढंच.

आणि वेळ. व्हिक्टोरियात गस्तीचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून ईस्टरपर्यंत. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासारखे स्वयंसेवक असतात. इतर वारी पगारी जीवरक्षक असतात तेही मुख्यतः शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, ठरावीक किनाऱ्यांवर आणि ठरावीक वेळेत. संध्याकाळी झेंडे निघाले की गस्त संपली. आपली सवय नेमकी उलटी आहे. ऊन उतरल्यावर समुद्रावर जायचं, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. जुहूला आणि गिरगावला आपण तसेच गेलो. इथे जानेवारीत पावणेनऊला सूर्य मावळतो. आम्ही सामान आवरून क्लबात नेतो तेव्हा लख्ख उजेड असतो, आणि त्याच वेळी आपल्या गाड्या येऊन लागतात. दुपारचं ऊन चुकवायचं हे तुमचं म्हणणं रास्त आहे, इथलं ऊन खरोखर भाजून काढतं. त्यावर उपाय सकाळचा आहे. गस्त सुरू होते तेव्हा किनाऱ्यावर हजर राहा, दुपारी सावलीत जेवा.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, कारण ती आपल्या अभिमानाची आहे. “आम्हाला पोहता येतं.” आपल्या पिढीतले अनेक जण विहिरीत पोहायला शिकले. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून काकाने ढकलून दिलं आणि आठ दिवसांत सूर मारायला लागले. कोणी नदीत शिकलं, कोणी पुण्याच्या तलावात. ते पोहणं खरं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण विहिरीच्या पाण्याला ओढ नसते. इथे माणसं जातात ती मुख्यतः रिपमुळे. शार्कची भीती सगळ्यांना वाटते, रिप त्याहून कितीतरी जास्त जीव घेते.

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट फट असेल तिथून ते जोराने आत निघून जातं, तीच रिप. आणि दिसायला ती जागा सगळ्यात शांत दिसते, कारण पाणी खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना फेस उसळतो आहे आणि मधे गडद, गुळगुळीत पट्टा. नवखं कुटुंब मुलांना घेऊन बरोबर त्या पट्ट्यात जातं. रिपमध्ये सापडलेला चांगला पोहणारा किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो, जागच्या जागी राहतो आणि दमतो. दमला की संपलं. तिथे करायचं ते एवढंच: घाबरायचं नाही, पाठीवर तरंगायचं, एक हात उंच करून मदत मागायची. प्रवाह जोरात असला तरी तो माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला पोहत सरकायचं. हे सगळं झेंड्यांच्या मधे असताना घडलं तर तुमचा हात वर जाण्याआधीच आमच्यातलं कोणीतरी पाण्यात शिरलेलं असतं. गस्त नसलेल्या किनाऱ्यावर तो हात बघायला कोणी नसतं.

हॅरल्ड होल्ट या देशाचे पंतप्रधान होते. समुद्राची त्यांना ओढ होती, भाला घेऊन पाण्याखाली मासे मारायचा त्यांचा छंद होता. १७ डिसेंबर १९६७ रोजी पोर्टसीजवळच्या चेव्हिअट बीचवर, नेहमीच्या पाण्यात ते पोहायला उतरले आणि परत आले नाहीत. मोठा शोध झाला, पण देह कधीच सापडला नाही. ग्लेन आयरिसच्या ज्या तरणतलावावर आपल्यातल्या काहींची मुलं शिकायला जातात, तो त्यांच्याच नावाचा आहे.

कोकणातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. मुरुडच्या समुद्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा आपण इथे बसून रात्रभर बातम्या बघत होतो. त्या मुलांनी किनारा निवडला नव्हता. सहलीत सामील होणारा माणूस ठिकाण निवडत नसतो. तो विश्वासाने बसमध्ये बसतो. म्हणून हे पत्र मी सगळ्या समाजाला उद्देशून न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आता ‘पाय भिजवणे’. भारतातून आलेले आई-बाबा पोहत नाहीत, त्यांना नुसतं पाण्यात उभं राहायचं असतं. साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या, बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोघं हात धरून उभे, मुलगा फोटो काढत पाठमोरा होऊन पाण्यात मागे मागे सरकतो आहे. हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे आणि दरवेळी धावत गेले आहे. उताराच्या किनाऱ्यावर घोटाभर पाणी पुढच्या लाटेला कमरेएवढं होतं. लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. सत्तरीच्या माणसाचा तोल गेला की भिजलेली साडी किंवा जीन्स त्याला उठू देत नाही. आणि मग त्याला काढायला मुलगा जातो, मुलाला काढायला सून जाते. एकाला वाचवायला गेलेले दुसरे बुडतात, असं या देशात वारंवार घडलं आहे. तेव्हा एवढं तरी प्रत्येकाला सांगून ठेवा: कोणी संकटात दिसलं तर आधी जीवरक्षकाला हाक मारा, कोणी नसेल तर तीन शून्यं फिरवा, आणि जे तरंगतं ते फेका. बोर्ड, चेंडू, एस्कीचं झाकण, काहीही. हाताशी तरंगणारं काही नसताना नुसत्या धैर्याने आत जाऊ नका.

आई-बाबांना समुद्र दाखवू नका असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्यांना झेंड्यांच्या मधे आणा, आम्हाला येऊन सांगा. “आईला पाण्यात उभं राहायचं आहे, जरा लक्ष ठेवाल का,” एवढं विचारलंत तर कुठल्याही क्लबातलं कोणीही आनंदाने जवळ येऊन उभं राहील. अनेकांना हे विचारायचा संकोच वाटतो. वाटू देऊ नका.

आणि या क्लबांतल्या माणसांबद्दल थोडं. २०१९ च्या ईस्टर संडेला ट्वेल्व्ह अपॉसल्सजवळ, शेरब्रुक नदीच्या मुखाशी, पाण्यात सापडलेल्या एका पर्यटकाला वाचवायला पोर्ट कॅम्पबेल क्लबाची बोट गेली. बोट उलटली. पर्यटक वाचला. बोटीवरचे बाप-लेक, दोघेही दुधाचा व्यवसाय करणारे शेतकरी, दोघेही बिनपगारी स्वयंसेवक, गेले. आपल्या बसेस त्याच पाण्याच्या वरच्या रस्त्याने जातात. गस्त नसलेल्या ठिकाणी आपलं माणूस पाण्यात सापडलं की कोणातरी अनोळखी माणसाला आपला जीव पणाला लावून यावं लागतं. मला हे फार लागतं. सहलीची जागा ठरवताना तुम्हीही याचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सर्फिंगबद्दल आपल्यात दोन टोकं दिसतात. एक म्हणजे, ते आपलं काम नाही, गोऱ्या पोरांचा खेळ आहे तो. दुसरं म्हणजे, आयटीतली तरुण मुलं दुकानातून कडक, टोकदार बोर्ड विकत घेतात, व्हिडिओ बघून येतात आणि थेट मोठ्या लाटेत घुसतात. दोन्ही सोडा आणि एकदा गस्तीच्या, आडोशाच्या किनाऱ्यावर सर्फिंग शाळेचा रीतसर वर्ग लावा. दोन तासांचा असतो. बोर्ड आणि वेटसूट तेच देतात. बोर्ड लांब, रुंद आणि वरून मऊ फोमचा असतो, डोक्याला लागला तरी फोडत नाही. आधी वाळूवरच सराव होतो: पालथं पडायचं, पायाची बोटं बोर्डाच्या शेपटाशी, तळवे बरगड्यांजवळ, छाती उचलून एका झटक्यात पाय खाली घ्यायचे, गुडघे वाकलेले, नजर पुढे. मग कमरेएवढ्या पाण्यात. सुरुवातीच्या लाटा नुसत्या पोटावर पडून घ्यायच्या. फुटून आलेला फेस मागून बोर्डाला धक्का देतो आणि माणूस काही न करता वाळूपर्यंत सरसरत येतो. पन्नाशीच्या बायकांना तेव्हा मोठ्याने हसताना मी पाहिलं आहे. त्यांच्यात माझ्या ओळखीच्या काकूही होत्या.

शिक्षक पहिल्यांदा शिकवतात ते पडायचं कसं. डोक्यावर नाही, आडवं, सपाट पडायचं. वर येताना हातांनी डोकं झाकायचं. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मधे धरायचा नाही, नाहीतर तो तोंडावर येतो. बायकांना कपड्यांचा संकोच वाटतो, तर वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो. थंडीचीही सोय होते, कारण इथला समुद्र भर उन्हाळ्यातही गारच. मंडळाने वीस जणांचा गट करून वर्ग ठरवला तर पुण्याच्या भरत नाट्यमंदिरातलं नाटक जितक्या उत्साहाने आपण एकत्र जाऊन बघायचो तितक्याच उत्साहाने माणसं येतील. फक्त लक्षात ठेवा, झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात कडक बोर्ड आणायचे नसतात. शिकणाऱ्यांची जागा वेगळी असते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सहलीच्या निरोपात किनाऱ्याचं नाव आणि त्या दिवशीच्या गस्तीची वेळ लिहा. सर्फ लाइफ सेव्हिंग ऑस्ट्रेलियाच्या ‘बीचसेफ’ अ‍ॅपवर ती दोन मिनिटांत सापडते. बसचं वेळापत्रक त्या वेळेभोवती बांधा. गस्त नसेल तर तो थांबा फोटोपुरता आहे, पाण्यात उतरायचं नाही, हे बसमध्ये माइकवर सांगा. मुलांकडे बघायला आळीपाळीने माणसं नेमा, आणि ज्यांची पाळी आहे त्यांनी तेवढा वेळ फोन पिशवीत ठेवावा. दारू प्यालेल्या माणसाला पाण्यात जाऊ देऊ नका, मग तो अध्यक्षांचा मित्र का असेना. भारतातून आलेल्या ज्येष्ठांसाठी तुम्ही स्नेहमेळावा घेता, त्यात पंधरा मिनिटं झेंड्यांची माहिती मराठीतून द्या.

मोठ्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी, हिवाळ्यात तरणतलावावर पोहण्याचे वर्ग भरवा. मंडळाकडे दरवर्षी कार्यक्रमांतून पैसे उरतात. ते यासाठी वापरायला माझ्या माहितीतला एकही सभासद हरकत घेणार नाही. आणि पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना निपर्समध्ये, म्हणजे लाइफसेव्हिंग क्लबांच्या मुलांच्या वर्गांत घाला. रविवारी सकाळी क्लबातच असतं. वाळूवर पळणं, बोर्डवर वल्हवणं, समुद्र वाचायला शिकणं. क्रिकेट आणि भरतनाट्यमच्या वेळापत्रकात ते बसवणं जड जातं, मला कल्पना आहे. पण या देशात वाढणाऱ्या मुलाचं आयुष्य पाण्याच्या जवळच जाणार आहे. ज्यांना चांगलं पोहता येतं त्यांनी पुढे ब्राँझ मेडॅलियन हा जीवरक्षकाचा अभ्यासक्रम करावा. त्याला चारशे मीटर नऊ मिनिटांच्या आत पोहावं लागतं, प्रथमोपचार आणि बचावाचं शिक्षण क्लब देतो. किनाऱ्यावर मराठी बोलणारी लाल-पिवळी टोपी असली की आपली माणसं चटकन ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक ऑक्टोबरमध्ये असते. त्यात मला अर्धा तास द्या. झेंडे, रेस्क्यू ट्यूब आणि शिकाऊ बोर्ड मी गाडीतून घेऊन येईन. कुठलंही मंडळ असो, कुठलंही उपनगर असो, मी येईन. उन्हाळ्याच्या सहलींची ठिकाणं त्या बैठकीनंतर पक्की करा.



आपली,
मंडळाची एक सभासद आणि सर्फ लाइफसेव्हिंग स्वयंसेवक
पॉइंट कुक, मेलबर्न